ब्लोअर बसला? मग आधी गॅस भरा

गाडीचा ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या जाळीतून वारा फेकणारा पंखा, बंद पडला की सर्वात आधी बॉनेट उघडा. ब्लोअर बॉनेटखाली नसतो, पण म्हणून काय झालं? उघडं बॉनेट दिसलं की सोसायटीतली चार माणसं आपोआप गोळा होतात, आणि निदानाला शेवटी माणसंच लागतात. "एसीचा गॅस संपला असणार," पहिला म्हणेल. उरलेले तिघे मान डोलावतील. झालं निदान.

ताबडतोब जाऊन गॅस भरून घ्या. जाळीतून वाराच येत नाहीये, मग तो गार की गरम हा प्रश्न येतोच कुठे, असल्या शंका काढू नका. "बाबा, घरातला पंखा फिरेनासा झाला म्हणून कोणी फ्रिजमध्ये गॅस भरतं का?" असं आठवीतली मुलगी विचारेल. तिला अभ्यासाला बसवा. मी स्वतः अठराशे रुपयांचा गॅस भरून आलो होतो. गॅस उत्तम भरला गेला, गेजचा काटा हवा तिथे उभा राहिला. वारा तेवढा आला नाही.

यानंतर लाथ. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्लोअरचा पंखा फिरवणारी मोटर डावीकडे बसणाऱ्याच्या पायांच्या वर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेली असते. तिथे खालून टाचेने एक ठेवून द्या. मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात, ते स्प्रिंगच्या जोरावर कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या फिरत्या तांब्याच्या कड्याला, टेकून वीज पोचवतात. वर्षानुवर्षं झिजून ते आखूड झाले की टेकेनासे होतात. दणका बसला की क्षणभर टेकतात, आणि मोटर फिरू लागते. आता, ठोकल्यावर चालणारी मोटर म्हणजे कार्बन संपल्याची जवळजवळ कबुलीच. पण तुम्ही तिला कबुली मानू नका, दुरुस्ती माना. आमच्याकडे हे खातं सासूबाईंकडे होतं. पहिल्या दिवशी त्या "जावईबापू, गाडीला लाथ कशी मारायची?" म्हणून संकोचल्या होत्या. पुढे इतका हात, म्हणजे पाय, बसला की कात्रजच्या बोगद्यात वारा गेला तरी जपमाळ न थांबवता त्यांची टाच नेमकी जागेवर बसायची. सहा महिने निघाले त्यात.

मोटर मरण्याआधी पुरेशी सूचना देते. तीही ऐकू नका. आमची गाडी बुचाच्या झाडाखाली उभी असते. पुण्यात सावलीची जागा मिळाली की माणूस वर कसलं झाड आहे हे बघत नाही. बुचाची फुलं वायपरखालच्या जाळीतून सरळ आत उतरतात. त्यांचे लांब देठ पंख्यात अडकले की चालत्या गाडीत टिर्र टिर्र टिर्र असा आवाज येतो, सायकलच्या चाकात पत्ता लावल्यासारखा. यावर उपाय म्हणजे गाणी मोठ्याने लावणे. कॅबिन फिल्टर काढून बघू नये. मी पाच वर्षांनी काढला तेव्हा त्याच्या घड्यांत फुलं, धूळ आणि शेंगदाण्याची टरफलं होती. घरात कोणीही गाडीत दाणे खात नाही, त्यामुळे तो उंदीर माझ्याआधी तिथे पोचला होता असं मानायला जागा आहे.

कधीकधी ब्लोअर १, २, ३ वर मेलेला आणि फक्त ४ वर जिवंत असतो. अशा वेळी मोटरच बदलायचा हट्ट धरा. मोटर बिचारी धडधाकट असते, कारण ४ नंबरला वीज थेट मिळते आणि खालच्या तिन्हींना ती रेझिस्टर नावाच्या छोट्या तुकड्यातून यावी लागते. उडालेला असतो तो तुकडा. तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे त्याला गार ठेवायचं काम ब्लोअरचंच. फिल्टर तुंबला, वारा घटला, की तो तापतो. जड फिरणारी म्हातारी मोटर जास्त करंट ओढते, तेव्हाही भाजून निघतो तोच. पण तुकडा स्वस्त, मोटर महाग, आणि महाग वस्तू बदलल्याशिवाय काही केल्यासारखं वाटत नाही. फ्यूज तर बघूच नका. आणि चुकून बघितलात, उडालेला निघाला, तर तिथे तांब्याची तार घाला. फ्यूज ३० अँपिअरला मरतो, ही कमकुवत मनाची लक्षणं. तार मरत नाही. तिच्याऐवजी डॅशबोर्डमागचं वायरिंग मरतं.

मोटर आणायला नाना पेठेत गेलात आणि दुकानदाराने बिलावर 'हीटर ब्लोअर मोटर' लिहिलं, तर तिथेच भांडा. "मी अकरा वर्षांत हीटर दोनदा लावलाय, दोन्ही वेळा महाबळेश्वरला. मला एसीची मोटर पाहिजे!" दुकानदार कंटाळलेल्या आवाजात सांगेल की साहेब, पंखा एकच असतो. एसी लावला तर तोच वारा गार कॉइलवरून जातो, हीटर लावला तर इंजिनाचं गरम पाणी खेळणाऱ्या छोट्या रेडिएटरवरून. विश्वास ठेवू नका. रांगेतल्या माणसाकडे बघून "बघा कसे फसवतात" असं हसा. (माझ्याकडे बघून कोणी हसलं नाही. रांगेत सगळे मेकॅनिक होते.)

बंद ब्लोअरचा एक फायदा मात्र होतो. मे महिन्यात आंबेनळी घाट चढताना इंजिनाचा काटा लालकडे जाऊ लागला, तर जाणकार लोक एसी बंद करून हीटर फुल लावतात. इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि वर पोचेपर्यंत निभावतं. तुमचा ब्लोअर बंद असल्यामुळे मागे बसलेल्या तिघांना हा प्रयोग सोसावा लागत नाही. इंजिनाला सोसावं लागतं, पण ते बोलत नाही.

पावसाळ्यात तर नवी मोटर घेण्याचं कारणच उरत नाही. ताम्हिणीत समोरची काच आतून धुरकटली की एसी हवेतला ओलावा काढतो आणि ब्लोअर ती कोरडी हवा काचेवर फेकतो, ही झाली आळशी माणसांची पद्धत. तुम्ही पिवळं फडकं घ्या. पुसा. पुन्हा पुसा. डावीकडच्याला पुसायला लावा, मागच्यांना कमी श्वास घ्यायला सांगा. कोणीतरी काचेवर बटाट्याची फोड घासायला सांगेल. तीही घासा, निदान वास बदलतो. जुन्या पद्मिनी गाडीच्या त्रिकोणी काचेला कुठे मोटर होती, असं एकदा तरी म्हणा. ते खरंही आहे. काच फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा, आणि पाऊसही.

इतकं सगळं करून झाल्यावर, नाइलाज म्हणून, मोटर बदला. काम खरं तर तीन स्क्रूंचं आहे, म्हणून ते रविवारी दुपारी बारा वाजता सुरू करा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून ठेवावी, त्या बाजूच्या डॅशबोर्डात एअरबॅग असू शकते, असं लोक म्हणतात. तुम्ही रेडिओवर क्रिकेट ऐकणार आहात, तेव्हा बॅटरी हवीच. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडा. मग सीटवर पाय, पायपुसण्यावर डोकं, असं उलटं झोपा. दोन स्क्रू समोर दिसतील. तिसरा मागच्या अंगाला, जिथे नजर पोचली तर हात पोचत नाही आणि हात पोचला तर स्क्रूड्रायव्हर पोचत नाही. चिकाटी ठेवा. तो सैल होईल तेव्हा पूर्ण वजनासह मोटर कपाळावर येईल, पाठोपाठ बुचाची उरलेली फुलं.

आता बघाल तर कपलरचं, म्हणजे मोटरला वायरी जोडणाऱ्या प्लगचं, पांढरं प्लॅस्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन वितळलेलं. पिन ढिली, मोटर जड, वर्षानुवर्षांचा ताप. नवीन कपलर शंभर-दीडशेला मिळतो, पण नाना पेठ रविवारी बंद आणि तुम्ही उघड्यावर. कपलर कापा, वायरी सोला, पिळा, वर काळी टेप. कुठली वायर कुठल्या वायरीला, यात वेळ घालवू नका. दोनच तर आहेत.

चावी फिरवली. मोटर सुरू! आवाज एकदम मुलायम, टिर्र नाही, लाथ नाही. सासूबाईंनी सवयीने उचललेली टाच खाली ठेवली. जाळीपुढे हात धरलात तर वारा मात्र जेमतेम, चहावर फुंकर घातल्याएवढा. डीसी मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या की ती उलटी फिरते, आणि या पिंजऱ्यासारख्या पंख्याची गंमत अशी की उलटा फिरला तरी वारा पुढेच टाकतो, फक्त निम्म्या मनाने. पण हे तुम्हाला कोण सांगणार? मुलगी अभ्यासाला बसलीये, आणि तुमचं बॉनेट अजून उघडंच आहे. मघाचे चौघे चहा घेऊन परत आलेत. पहिल्याने जाळीपुढे हात धरला, डोळे मिटले, थोडा वेळ घेतला.

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "गॅस नीट भरला नाहीये त्यांनी."