मिनी डॅफोडिलबद्दल माझ्याच पोस्टचा खुलासा

मागच्या वर्षी मी टाकलेला मेसेज परत फिरतोय, "मिनी डॅफोडिलचे कंद ठाण्यात सरळ कुंडीत लावा, दरवर्षी फुलतील". तो चुकीचा आहे, आणि तो मीच लिहिला होता, सॉरी.

झालं असं की घोडबंदरच्या आमच्या बाल्कनीत टेट-ए-टेट या पिवळ्या फुलांच्या मिनी डॅफोडिलच्या जातीचे पाच कंद लावले, पाती हिरवीगार आली आणि मी घाईघाईत पोस्ट टाकून मोकळी, पण कळी एकही नाही, पातीच पिवळी पडून गेली. मग नीट वाचलं तेव्हा कळलं की कळी उमलायला कंदाला साधारण १२ ते १५ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते, आणि आपल्याकडे जानेवारीत स्वेटर काढला तरी एवढी थंडी कुठे पडते!

हौस असेलच तर कंद कागदी पिशवीत फ्रीजमध्ये तेवढे आठवडे ठेवा, पण सफरचंद-केळ्यांपासून लांब, त्यांच्यातून सुटणाऱ्या गॅसने आतली कळी मरते. पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, कारण कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो, शिजवूनही विष जात नाही. आमच्या सासूबाईंनी दोन सोलायलाच घेतले होते, वेळेत बघितलं म्हणून बरं.

एवढं करूनही एकदाच फुलतो, पुढच्या वर्षी परत थंडी हवीच. पिवळंच फूल हवं तर पिवळी रेन लिली लावा, पहिल्या पावसात आपणहून येते.

जुना मेसेज कुणाकडे असेल तर पुढे पाठवू नका प्लीज, ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हा टाका.