१०-४ हा गुप्त कोड नाहीये, काका

काल आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला. "पोलिसांचे गुप्त कोड, ९९% लोकांना माहीत नाहीत, सेव्ह करून ठेवा." खाली यादी, १०-४, १८७, एसओएस वगैरे, आणि शेवटी मुलांकडून पाठ करून घ्या म्हणे. टाकणारे काका भला माणूस आहे, त्यांच्यावर राग नाही, पण मेसेजमध्ये धड असं फारच थोडं आहे.

पहिला दावा, गुन्हेगारांना कळू नये म्हणून हे कोड काढले. नाही हो. प्रकरण अमेरिकेतलं, १९३७ च्या सुमाराचं. इलिनॉय राज्य पोलिसांत रेडिओचं काम बघणारे चार्ल्स हॉपर म्हणून होते, त्यांनी गाड्यांतल्या रेडिओवर बोलायला हे "टेन"ने सुरू होणारे कोड बसवले, १०-४ म्हणजे "टेन-फोर" तसे. तेव्हा चॅनल मोजकेच आणि सगळ्या गाड्या त्यावरच बोलणार, म्हणून आटोपशीर बोलणं भाग होतं. पण दर आकड्याच्या आधी "टेन" कशाला? खरी गंमत इथे आहे. गाडीतल्या सेटला लागणारं जास्त व्होल्टेज बॅटरीतून थेट मिळायचं नाही, त्यासाठी एक छोटा मोटर-जनरेटर असायचा, तो बटण दाबल्यावर फिरायला लागायचा आणि पूर्ण स्पीड धरेपर्यंत सेकंदाचा काही भाग जायचा, तेवढ्यात तोंड उघडलं की सुरुवातीचा शब्द गुल. बटण दाबून जरा थांबा असं कितीही शिकवलं तरी पाठलाग चालू असताना कोण थांबतंय? मग आधी "टेन" म्हणायचं, गेला तर तो जाईल, पुढचा आकडा शाबूत पोचेल. म्हणजे तो दहा चक्क गिळला जायलाच ठेवलेला! ऐकणाऱ्या पब्लिकला पटकन कळत नाही हा फायदा असेलही, मान्य, पण सत्तरच्या दशकात तिथले ट्रकवाले सीबी रेडिओवर, म्हणजे सामान्य लोकांच्या वापरातल्या रेडिओवर, सर्रास "टेन-फोर" करत होते, कसलं डोंबलाचं गुपित. आज ज्यांना खरंच लपवायचंय ते सिग्नलच एन्क्रिप्ट करतात.

दुसरा दावा, जगभर एकच कोड. जगाचं सोडा, अमेरिकेतच एक नाही. पोलिस रेडिओवाल्यांची ॲपको नावाची संघटना आहे, तिच्या यादीत १०-१३ म्हणजे हवामान आणि रस्त्याची हालत, आणि न्यूयॉर्क पोलिसांत १०-१३ म्हणजे आपला माणूस संकटात आहे, मदतीला धावा. आता एक जण जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि दुसऱ्या गावच्या पोलिसाला वाटतंय पाऊस पडतोय. याच घोळामुळे तिथल्या केंद्र सरकारने २००६ पासून, अनेक खाती एकत्र येतात अशा मोठ्या आपत्तीत साध्या भाषेतच बोला, अशी अट अनुदानाला जोडली. खात्याच्या आत रोजच्या कामात कोड चालतात अजून.

१०-४ म्हणजे "ठीक आहे, करतो" असं दिलंय. तर त्याचा अर्थ एवढाच की तुमचा निरोप मिळाला. "रॉजर"चंही तेच, रिसीव्हडमधला आर, आणि जुन्या स्पेलिंग अल्फाबेटमध्ये, म्हणजे अक्षर नीट कळावं म्हणून प्रत्येकाला शब्द ठरवलेल्या यादीत, आर म्हणजे रॉजर. करतो म्हणायचं असेल तर "विल्को", म्हणजे "विल कम्प्लाय".

१८७ तर रेडिओ कोड म्हणून जन्मलेलाच नाही, कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं खुनाचं कलम आहे ते. आपल्याकडे कसं ३०२ म्हटलं की खून आणि ४२० म्हटलं की ठग, तसंच. (आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ झालंय, तरी लोकांच्या तोंडी ३०२ च आहे.)

एसओएस म्हणजे "सेव्ह अवर सोल्स" हे नंतर चिकटवलेलं. तीन टिंब तीन रेघा तीन टिंब, मोर्स या टिंब-रेघांच्या तारेच्या लिपीत ओळखायला सोपं म्हणून १९०६ च्या बर्लिन परिषदेत घेतलं, बस.

राहिला शेवटचा सल्ला, "अडचणीत सापडलात तर फोनवर १०-३३ (म्हणजे आणीबाणी) म्हणा". हे मात्र कृपा करून मुलांना शिकवू नका. ते कोड कंट्रोल रूम आणि गाडी यांच्यातलं बोलणं, फोन करणाऱ्याचं नाही. ११२ ला फोन लागला की आधी कुठे आहात ते सांगायचं, जवळची खूण सांगायची, मग काय झालंय आणि कुणाला लागलंय का ते, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.