पोरीचा वाटा, ब्रिटनीची गादी आणि आमचा फॅमिली ग्रुप

१३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा शार्ल वारला, मागे मुलगा नव्हता, आणि नात्याने सगळ्यात जवळचा पुरुष होता त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड. फ्रेंच सरदारांनी ठरवलं की बाईकडून या गादीचा हक्क पुढे जात नाही, विषय संपला, आणि चुलत घराण्यातल्या सहाव्या फिलिपला राजा केलं. एडवर्डचं म्हणणं उलट, की आईकडून हक्क येतो, आणि त्यावरून पुढे ते शंभर वर्षांचं युद्ध पेटलं.

आता गंमत बघा. १३४१ मध्ये ब्रिटनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या प्रांताचा, ड्यूक (तिथला सत्ताधीश) तिसरा जाँ निपुत्रिक वारला. दावेदार दोन. एक त्याच्या मेलेल्या सख्ख्या भावाची मुलगी जान द पाँतिएव्र, दुसरा त्याचा सावत्र भाऊ जाँ द मोंफोर. पुतणी म्हणे माझे वडील असते तर तेच ड्यूक झाले असते, मी त्यांच्या जागी उभी आहे. सावत्र भाऊ म्हणे फ्रान्सच्या गादीवर बाई चालत नाही तर इथे कशी चालेल. आणि ज्याचं स्वतःचं सिंहासन बाईचा हक्क नाकारून मिळालेलं होतं त्या फिलिपने निकाल दिला पुतणीच्या बाजूने, कारण तिचा नवरा शार्ल द ब्लुआ हा फिलिपचा सख्खा भाचा! आणि जो एडवर्ड आईच्या नावाने फ्रान्स मागत होता तो लगेच मोंफोरच्या, म्हणजे 'बाई नको'वाल्या पार्टीच्या, मागे सैन्य घेऊन उभा राहिला. दोघांनी आपापली बाजू उलटी केली आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी फ्रान्समध्ये नाँतला राहते. इथे गावाच्या मधोमध ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला आहे, ट्रामच्या स्टॉपचं नाव 'डचेस आन', त्यामुळे हा विषय नको म्हटला तरी रोज समोर येतो. आणि सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर जे चाललंय त्यामुळे जरा जास्तच येतो.

तर तिकडचं थोडक्यात असं. सांगलीकडे आजोबांची जमीन आहे, रस्त्याच्या कामामुळे तिला एकदम भाव आलाय, आणि सातबाऱ्यावर फक्त काकालोकांची आणि बाबांची नावं आहेत. आत्या तीन. इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही, आता विकायची वेळ आली तर वकील म्हणाले तिघींचं हक्कसोडपत्र लागेल. त्यावर एका आत्याने नुसतं विचारलं की सही का करायची, झालं, ग्रुपवर भडका. लग्नात सोनं घातलं तोच तुमचा वाटा, भावांशी वाकडं घेतलंत तर माहेर तुटेल, दिवाळीला कुठे जाल. मी आत्यांच्या बाजूने दोन ओळी टाकल्या तर लगेच, तू बाहेर राहतेस, तुला युरोत पगार आहे, तू आपल्या परंपरेवर बोलू नको. आणि वर, तू पण बाबांच्या हिश्श्यातलं दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करून पाठव.

माझा सगळा वाद त्या 'परंपरा' शब्दाच्या वापराशी आहे. वारशाच्या भांडणात परंपरा ही आधी असते आणि निकाल नंतर लागतो असं आपण धरून चालतो, पण फ्रान्समध्ये तरी बरोबर उलट झालेलं दिसतं. १३१६ मध्ये दहाव्या लुईची लहान मुलगी मागे राहिली, तिचा काका पाचवा फिलिप पुढे सरकला आणि गादीवर बसून गेला, आणि मग १३१७ मध्ये सभा भरवून म्हटलं गेलं की फ्रान्सच्या गादीवर बाई येत नाही. तो प्रसिद्ध सॅलिक कायदा, बाईला वारसा नाकारणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, तो तेव्हा कुणी दाखवलासुद्धा नाही, जुन्या कागदातून तो शोधून वापरायला लागले ते पुष्कळ नंतर. म्हणजे आधी काकाने घेतलं, मग रीत तयार झाली, मग ती रीत हजार वर्षं जुनी निघाली. काकांवर माझा काही राग नाही हां, योगायोग आहे.

ब्रिटनीचं भांडण तेवीस वर्षं चाललं. मोंफोर लवकरच कैद झाला आणि १३४५ मध्ये वारला, पण त्याची बायको जान, फ्लँडर्सची, तिने लहान मुलाच्या नावाने लढाई चालू ठेवली, १३४२ मध्ये एनबोंचा वेढा तिनेच झुंजवला. विचार करा, 'गादीवर बाई नको' या पक्षाची लढाई एक बाई चालवतेय आणि समोर दुसरी बाई! दोघींचं नाव पण जान. १३६३ मध्ये डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, मधोमध वाटून घ्यायची असं जवळपास ठरलं होतं, पण पाँतिएव्रवाल्या जानने ते होऊ दिलं नाही असं त्या काळचे बखरकार लिहितात, तिचं म्हणणं नवऱ्याला मी माझी वडिलोपार्जित जागा राखायला पाठवलं, वाटायला नाही. पुढच्याच वर्षी ओरेच्या लढाईत नवरा मेला आणि १३६५ मध्ये गेराँदचा तह झाला. त्यात डची मोंफोरच्या मुलाला, जानला पाँतिएव्रची जहागीर, आणि पुढे मोंफोर घराण्यात पुरुष आहे तोवर बाईला वारसा नाही. गेराँद आज मिठासाठी प्रसिद्ध आहे, आम्ही वीकेंडला जातो, मिठागरं बघून परत येतो, त्या तहाचं कुणाला काही पडलेलं नसतं.

आणि मग त्याच मोंफोर घराण्यात पुरुष संपले. शेवटचा ड्यूक दुसरा फ्रान्स्वा, तो स्वतः १४५८ मध्ये ड्यूक झाला कारण आधीच्या ड्यूकांना मुलगे नव्हते, आणि त्याची पहिली बायको होती एका आधीच्या ड्यूकचीच मुलगी, म्हणजे जिला तहामुळे डची मिळाली नसती तिच्याशी लग्न करून ठेवलं की तिच्या बाजूने पुढे कुणी दावा करायला नको. पण ती वारली, दुसऱ्या बायकोपासून झाल्या दोन मुली. आता काय? तहाप्रमाणे हक्क जायला हवा होता पाँतिएव्रकडे, आणि तो हक्क फ्रान्सच्या अकराव्या लुईने १४८० मध्ये रीतसर विकत घेऊन ठेवलेला, अगदी आपल्याकडे बिल्डर भांडणातल्या जमिनीतल्या एका भावाचा हिस्सा स्वस्तात घेऊन ठेवतो तसा. तर १४८६ मध्ये फ्रान्स्वाने ब्रिटनीच्या सभेकडून थोरली मुलगी आन हीच वारस असा ठराव करून घेतला. ज्या घराण्याने बाईला बाहेर ठेवून राज्य मिळवलं त्यांनीच गळ्याशी आल्यावर सांगितलं की आमच्याकडे मुलगी वारस होते, पहिल्यापासून.

आन १४८८ मध्ये अकरा वर्षांची असताना डचेस झाली. बापाने मरायच्या आधी लढाई हरून कबूल केलं होतं की मुलींची लग्नं फ्रान्सच्या राजाला विचारल्याशिवाय लावणार नाही. तरीही १४९० च्या डिसेंबरात ब्रिटनीतल्या रेन शहरात तिचं लग्न लागलं ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी, पण तो आलाच नाही, त्याच्या वतीने त्याचा माणूस उभा राहिला आणि विधी म्हणून त्याने एक उघडा पाय तिच्या अंथरुणात घातला. लग्न पूर्ण झालं म्हणे! मग आठव्या शार्लने रेनला वेढा घातला आणि ६ डिसेंबर १४९१ ला लाँजेच्या किल्ल्यात तिच्याशी स्वतःच लग्न लावून घेतलं. या शार्लचं लग्न ठरलेलं होतं मॅक्सिमिलियनच्या मुलीशी, ती तीन वर्षांची असल्यापासून सून म्हणून फ्रान्समध्ये वाढत होती. म्हणजे गड्याने होणाऱ्या सासऱ्याची बायको केली आणि सासऱ्याची मुलगी १४९३ मध्ये परत पाठवून दिली. पोपची परवानगी लग्नानंतर आली.

मला या सगळ्यात लग्नाचा करार सगळ्यात वाचण्यासारखा वाटतो. त्यात कलम होतं की शार्ल मुलगा न ठेवता मेला तर आनने दुसरं लग्न करायचं ते फ्रान्सच्या पुढच्या राजाशीच. जमिनीबरोबर बाई, सातबाऱ्यावरच्या विहिरीसारखी! आणि तसंच झालं. मुलं जगली नाहीत, १४९८ मध्ये आंब्वाझच्या वाड्यात चौकटीला डोकं आपटून शार्ल मेला, आणि पुढचा राजा बारावा लुई याचं आधीच लग्न झालेलं होतं, तर त्याचं लग्न पोपकडून रद्दबातल करून घेतलं, ती जी बायको टाकली ती अकराव्या लुईची मुलगी जान, तिला पुढे चर्चने संत केलं, पण त्याला १९५० उजाडलं.

पण यावेळी आन एकवीस-बावीस वर्षांची होती आणि तिने सह्या वाचून केल्या. ती आधी ब्रिटनीत परत आली, स्वतःचं दफ्तर पुन्हा सुरू केलं, लग्न नाँतला लावायला लावलं, आणि १४९९ च्या करारात घालून घेतलं की डची थोरल्या अपत्याकडे म्हणजे मुकुटाकडे न जाता दुसऱ्याकडे जावी, म्हणजे ती वेगळी राहील. मुली झाल्या दोन, क्लोद आणि रने. कराराप्रमाणे ब्रिटनी रनेची. आन जानेवारी १५१४ मध्ये गेली, मे महिन्यात क्लोदचं लग्न फ्रान्सच्या गादीच्या वारसाशी लावलं, तेही आनचा आयुष्यभर विरोध असताना, रनेला पुढे इटलीत फेरारात देऊन टाकलं, आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली. कागद होता, सही होती, तरी मुलीला मिळालं नाही. आनचं हृदय ज्या सोन्याच्या डबीत ठेवलं होतं ती डबी आता रिकामी आहे, नाँतच्या म्युझियममधून २०१८ मध्ये ती चोरीला गेली तेव्हा गावात केवढी हळहळ झाली, सापडलीही. डबीची काळजी सगळ्यांना, कराराची कुणाला नाही.

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं नाही अर्थात, कोण वाचणार. पण 'तू बाहेर राहतेस'चं उत्तर द्यायला हवं. इथे आता नोतेर नावाचा सरकारमान्य माणूस वाटणी करतो, आणि बापाने कितीही मनात आणलं तरी पोरांना पूर्ण बाहेर ठेवता येत नाही, एक मूल असेल तर अर्धी, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता त्यांची, मुलगा-मुलगी सारखेच. बहिणीला माहेर तुटेल म्हणून सही मागणं मी इथे ऐकलेलं नाही. पण म्हणून इथे स्वर्ग आहे असंही नाही. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यात मुलीला समान वाटा होता आणि त्याच कायद्यात तो वाटा सांभाळायचा अधिकार नवऱ्याला होता, बायकोला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता यायला १९६५ उजाडलं. आजही शेत, द्राक्षाचा मळा, दुकान बहुतेक वेळा मुलगाच चालवायला घेतो आणि बहिणीला किंमत ठरवून पैसे देतात, आणि किंमत ठरवताना काय होतं ते काय सांगायला हवं का!

आणि आपला कायदा काही मागे नाही ना. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, देशाने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क जात नाही. बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात तर १९५६ पासून आहे. म्हणून तर हक्कसोडपत्र लागतं, हक्कच नसता तर सोडायला काय सांगितलं असतं? जे काका 'परंपरा' म्हणतायत त्यांनीच स्वतःच्या सासरची जमीन विकली तेव्हा काकूचा हिस्सा कायद्याने मोजून घेतला होता, अगदी गुंठ्यावर, तेव्हा काकूच्या भावाला परंपरा आठवली असणारच. सहावा फिलिप आणि तिसरा एडवर्ड एकाच घरात राहतात आमच्याकडे.

आत्यांनी सही करायची की नाही ते त्यांनी ठरवावं, एका आत्याला खरंच काही नकोय आणि तो तिचा हक्क आहे. पण त्याआधी तिघींची नावं वारस म्हणून लागू देत, जमिनीची किंमत त्यांना कळू दे, मग सोडायचं तर सोडतील. माझं मुखत्यारपत्र हवं असेल तर तीच अट आहे, फेरफारात तीन नावं दिसली की मी पॅरिसच्या ट्रेनचं तिकीट काढते. असं मी ग्रुपवर लिहिलंय. काका म्हणाले तलाठ्याला विचारून सांगतो.