‘कशासाठी?’ हा प्रश्न गावभागातही पडतो

आमच्या सांगलीतल्या वाचकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मराठी कथेतला अस्तित्ववाद (मी कोण, जगायचं कशासाठी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असा विचार) ही युरोपातून आणलेली उसनवारी आहे, असल्या कथा वाचकाला निराश करतात, आणि आपल्या भागातल्या साध्या माणसाला असले प्रश्न पडतच नाहीत. ‘अगदी खरं’ म्हणून तो पुढे पाठवणारेही बरेच आहेत. मला यातलं काहीच पटलेलं नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच जास्त लागला. ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, शेजारच्या काकूंकडे गाळ काढायला गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ, भिजून कुजलेल्या डाळीचा वास. काकू उंबऱ्यात बसून पितळी डबे घासत होत्या. मधेच हात थांबला. म्हणाल्या, “दोन हजार पाचला आलं, आता आलं, परत येणारच. मग मांडायचं तरी कशासाठी रे?” मला काही बोलता आलं नाही. त्याही उत्तरासाठी थांबल्या नाहीत. घासलेला डबा पालथा घातला आणि दुसरा ओढला.

हा विचार ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्या सार्त्र-काम्यू या फ्रेंच लेखकांचं नावही काकूंनी ऐकलेलं नाही. तरी प्रश्न तोच आहे, आणि दुसरा डबा ओढणं हे त्यांनी स्वतः निवडलेलं उत्तर आहे.

दलित कथाकार बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घ्या. याच नावाचा संग्रह १९६३ चा. कथेतल्या माणसाला पोटासाठी आपली जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडताच मार खावा लागतो. मी कोण, हे मी ठरवायचं की समोरच्याच्या नजरेनं? याहून टोकदार अस्तित्वाचा प्रश्न कुठला? आणि तो पॅरिसच्या कॅफेत सुचलेला नाही, इथल्याच जातीनं पाठीवर उमटवलेला आहे.

निराशेचा आरोप तर जुनाच. खुद्द सार्त्रवर तो झाला होता, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात त्यानं तो खोडूनही काढला. माणूस आधी असतो, मग आपल्या कृतीतून स्वतःला घडवतो, हे त्याचं म्हणणं. हातपाय गाळून बसा असं त्यात कुठेच नाही. जी. ए. कुलकर्णींची ‘पिंगळावेळ’ या संग्रहातली ‘स्वामी’ ही कथा वाचा. मठात कोंडला गेलेला माणूस, सुटकेची आशा संपलेली, आणि त्या अंधारात तो एक वेल उजेडाकडे जावा म्हणून जगवतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. निराश झालो नव्हतो. त्या वेलाचं पुढे काय होईल, याची काळजी लागली होती.

राहिली उसनवारी. मग लघुकथा हा प्रकार तरी कुठला? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून स्फुट गोष्टी लिहिल्या, त्या साच्यामागेही इंग्रजी वाचन होतंच. साचा बाहेरून आला म्हणून आत ओतलेलं दुःख परकं होत नाही.

एक मात्र मान्य. काही कथाकारांनी बंद खोली, सिगारेट आणि कंटाळा एवढंच उचललं. त्या कथा मलाही आवडत नाहीत. पण त्यांची उधारी जी.ए. आणि बागुलांच्या खात्यावर मांडू नका.