०% च्या गॅरंटीबद्दल: तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बहिणीच्या पीएच.डी.चं काम घेऊन तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या एडिटिंगच्या दुकानात आलात. प्रकरण लिहून द्यायला आम्ही नाही म्हटलं, एडिटिंगचे निम्मे पैसे आधी मागितले आणि ०% प्लेजरिझमची, म्हणजे मजकुरात उचलेगिरी अजिबात दिसणार नाही याची, गॅरंटीही दिली नाही, ही तुमची तक्रार. त्यापेक्षा एक ऑनलाइन साइट निम्म्या दरात, तीन दिवसांत, ०% च्या गॅरंटीसकट सगळं देते आणि सोमवारी तुम्ही तिथे पैसे भरणार आहात, असंही लिहिलंत. ते शेवटचं वाक्य वाचूनच लगेच उत्तर देतेय. स्टार एकच राहू द्या, पण पैसे भरायच्या आधी हे एकदा वाचा.

प्रकरण आम्ही कुणालाच लिहून देत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करताना विद्यार्थ्याला लेखी द्यावं लागतं की हे काम माझं स्वतःचं आहे. त्या कागदावर सही तुमच्या बहिणीची असेल, साइटवाल्याची नाही. पदवी मिळाल्यावर उचलेगिरी सिद्ध झाली तरी ती पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. आम्ही भाषा तपासतो, संदर्भसूची एका पद्धतीत बसवतो, तक्ते आणि पानांचे क्रमांक लावतो, बाइंडिंग करून देतो. मांडणी आणि निष्कर्ष ज्याचे त्यानेच लिहायचे. हे ऐकून गिऱ्हाईक परत जातं, तरी आम्ही तेच सांगतो.

आता गॅरंटी. मुळात ०% मागतंय कोण? नियमांत १०% पर्यंतच्या साम्याला, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराला, काहीच दंड नाही. १० ते ४० च्या मध्ये आलं तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होते. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीत धरायचंच नसतं. या कामातला जाणकार माणूस ०% ची जाहिरात करणार नाही.

ते शून्य टक्के आणतात कसे, तेही सांगते. अशाच एका साइटकडून करून घेतलेलं प्रकरण आमच्याकडे तपासायला आलं होतं. इंग्रजी मजकूर सॉफ्टवेअरमधून काढून प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द लावलेला. 'ब्रेस्ट कॅन्सर' जिथे जिथे होतं तिथे 'बोझम पेरिल'! नर्सिंगच्या प्रबंधात हे परीक्षकांनी वाचलं असतं तर तोंडी परीक्षेत त्या मुलीने काय उत्तर दिलं असतं? दुसरी युक्ती आणखी वाईट. इंग्रजी 'ए', 'ओ' या अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरं घालतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण वर्डमध्ये फाइल उघडली की धडधाकट शब्दांखालीही लाल रेघा दिसतात. तपासणीची चांगली सॉफ्टवेअर आता असली अदलाबदल पकडतात, आणि मग ही मुद्दाम केलेली फसवणूक ठरते.

अशा साइटकडून मिळणाऱ्या साम्य-तपासणीच्या रिपोर्टलाही भुलू नका. कुणाच्या तरी अकाउंटवर मसुदा टाकून तो काढलेला असतो. मसुदा तिथे साठवला गेला तर पुढे विद्यापीठाच्या तपासणीत बहिणीचा स्वतःचाच मजकूर चोरलेला दिसू शकतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यासाठी बाहेर पैसे घालवण्याआधी गाइडना किंवा लायब्ररीत विचारायला सांगा.

सगळ्या ऑनलाइन सेवा लबाड असतात असं मी म्हणत नाही. चांगली एडिटिंग करणारे पुष्कळ आहेत आणि ते घरबसल्याच काम करतात. म्हणून त्या साइटला तुमच्याच मसुद्याची दोन पानं नमुना म्हणून तपासून मागा. काम करणाऱ्या माणसाशी फोनवर बोला आणि विषयातला एखादा प्रश्न विचारा. त्यांनी संदर्भ म्हणून दिलेल्या लेखांचे डीओआय क्रमांक, म्हणजे शोधलेखांचे ऑनलाइन ओळख क्रमांक, इंटरनेटवर टाकून बघा. क्रमांक उघडत नसेल किंवा भलताच लेख उघडत असेल तर तो संदर्भ सरळ बाद. जीएसटी नंबर दिला असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाका, नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो. लहान व्यावसायिकाला नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा नंबर नाही म्हणून कुणी चोर ठरत नाही. पण खोटा नंबर छापणाऱ्याकडे क्षणभरही थांबू नका.

आगाऊ रक्कम आम्हीही घेतो, हे खरंच. पण पावती देतो, आणि त्यावर काम काय, किती पानं, कधी मिळणार हे लिहिलेलं असतं. पैसे दुकानाच्या खात्यात जातात. फर्मचं नाव एक आणि यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच हात आवरा. काम बिघडल्यावर परतावा देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं तर टाकू नका. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. 'जास्तीचे पैसे द्या, नाहीतर कॉलेजला कळवू' अशी धमकीही अशा साइट देतात. बहीण घाबरून घरी बोलणार नाही, म्हणून तिला हे आधीच सांगून ठेवा.

हे वाचेपर्यंत पैसे गेलेच असतील आणि समोरचा गप्प झाला असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि चॅट, व्यवहार क्रमांक, साइटची पानं, सगळ्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे गेले नसतील तर बहिणीने स्वतः लिहिलेलं पहिलं प्रकरण, कच्चं असलं तरी, घेऊन या. दोन पानं आम्ही पैसे न घेता तपासून दाखवू. ती बघून उरलेलं काम आमच्याकडे द्यायचं की आणखी कुणाकडे, ते तुम्ही दोघं ठरवा.