‘टर्न-बेस्ड म्हणजे जुन्या मशीनची मजबुरी’? तारखा बघा जरा

पुण्यातल्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: पाळीपाळीने लढणं ही जुन्या मशीनची मजबुरी होती, त्यात कौशल्य शून्य, नुसतं ‘अटॅक’ दाबत बसायचं. आता ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर, क्लेअर ऑब्स्क्युअर वगैरे पाळीचे नवे गेम चाळिशीतल्यांना त्यांचंच बालपण परत विकतायत. आणि शेवटी टोमणा: एवढा वेळ आहे कोणाला? मेसेज ठसक्यात लिहिलाय, म्हणून वाचणारा मान डोलावतो.

आधी मजबुरी. ड्रॅगन क्वेस्ट हा पाळीचा जपानी गेम मे १९८६ मध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर आला. त्याच मशीनवर सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ पासून उड्या मारत होता. झेल्डा हा गेमही त्याच फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टीमवर फेब्रुवारी १९८६ मध्येच तलवार फिरवायला लागला होता. म्हणजे धावपळीची लढाई मशीनला चांगली जमत होती. ड्रॅगन क्वेस्ट बनवणाऱ्या युजी होरिई यांना विझार्ड्री आणि अल्टिमा हे अमेरिकन कॉम्प्युटरवरचे गेम आवडायचे. तो प्रकार त्यांनी साध्या मेनूत बसवून घरातल्या टीव्हीवर आणला. पाळी त्यांनी निवडली होती.

‘कौशल्य शून्य’ म्हणणाऱ्याने ऑक्टोपॅथमधला एखादा बॉस, म्हणजे तगडा मुख्य शत्रू, खेळलेला दिसत नाही. शत्रूच्या खाली ढालीचा आकडा असतो आणि त्याच्या कमकुवत जागा प्रश्नचिन्हांत झाकलेल्या असतात. कुठलं शस्त्र, कुठली जादू लागते हे मारून बघूनच उलगडतं. वर्मी बसलेला प्रत्येक घाव ढाल एकाने कमी करतो. ती शून्यावर आली की शत्रूची पाळी जाते आणि घावही जास्त लागतात. इकडे तुम्हाला दर पाळीला हल्ल्याचा जोर वाढवणारा एक बूस्ट पॉइंट मिळतो. साठवता येतात पाच, एका वेळी उडवता येतात तीन, आणि उडवलेत की पुढच्या पाळीला नवा मिळत नाही. आता बॉस मोठा हल्ला जमवतोय, ढाल आहे ३ वर, हातात पॉइंट चार. सगळा जोर आत्ताच लावून ढाल फोडायची, की हल्ला सोसून पॉइंट राखायचे? इथे नुसतं ‘अटॅक’ दाबणारा माणूस आडवा होतो. मेटाफर: रीफँटाझिओ हा गेम तर चुकीची शिक्षा रोख देतो: नेम चुकला की जास्तीच्या पाळ्या कापून घेतो.

बालपणाचा मुद्दा आपल्याकडे लावणं तर गमतीचंच. कोथरूड काय नि हडपसर काय, नव्वदीतल्या पोरांकडे टीव्हीला जोडायचं नकली मशीन आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट असायची. त्यात मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने मारायची बदकं. जपानी मजकुराने भरलेले, तासन्‌तास सेव्ह करत खेळायचे गेम त्यात कुठून येणार? आज इथे सी ऑफ स्टार्ससारखा पाळीचा गेम खेळणाऱ्या बहुतेकांना हा प्रकार नवाकोरा आहे. जे कधी मिळालंच नाही, त्याची आठवण कशी येणार?

पाळीवरच वाढलेल्या फायनल फँटसी मालिकेने २०२३ मध्ये सोळाव्या भागात पूर्ण ॲक्शन स्वीकारली, हे खरं. पण २०२० मध्ये याकुझा मालिकेने उलटी वाट धरून हाणामारी सोडली आणि पाळी घेतली. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या सँडफॉल स्टुडिओने काढलेला पाळीचा क्लेअर ऑब्स्क्युअर एप्रिल २०२५ मध्ये आला, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपला आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये ‘गेम ऑफ द इयर’ ठरला.

अशा गेमांबद्दलचं एक गाऱ्हाणं मात्र मला मान्य आहे. दर चार पावलांवर अचानक उगवणाऱ्या लढाया आणि लेव्हल वाढवायला तेच ते शत्रू बडवणं, हे कंटाळवाणं होतं आणि काही गेममध्ये अजूनही आहे. चेन्ड एकोज या गेमने शत्रू समोर दिसतील असे ठेवले आणि लढाई संपली की आपल्या पात्रांची तब्येत पूर्ण भरून दिली. बाकीच्यांनी हे उचलायला काय हरकत होती?

राहिला वेळ. हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्याला खरं तर हाच प्रकार सोयीचा. कुकरच्या शिट्ट्या मोजा, आईचा फोन घ्या, शत्रू तुमच्या हुकुमाची वाट बघत उभा राहतो. क्लेअर ऑब्स्क्युअरमध्ये तेवढं शत्रूच्या पाळीला उठू नका. तिथे घाव ऐन वेळी बटण दाबून परतवावा लागतो. बेल वाजली तर आधी आपली पाळी येऊ द्या.