काल वाजलं नाही

तोंडात नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनचा, माउथपीस असताना दाराची बेल वाजली तर काय करायचं, हे फिजिओ मॅडमनी मला शिकवलेलं नाही. फुप्फुसांत साचणारा कफ रोज काढायचा कसा, ते बाकी सगळं शिकवलंय. आधी श्वासनळ्या उघडणारं औषध, मग सात टक्क्यांचं खारं पाणी (समुद्राचं साधारण साडेतीन टक्के असतं, म्हणजे मी रोज सकाळी दुप्पट समुद्र छातीत घेते), मग एका पाइपात फुंकून फडफड, मग हफ (तोंड उघडं ठेवून जोरात "हाः" करत श्वास सोडायचा), मग खोकला, आणि सगळं निघाल्यावर शेवटी अँटिबायोटिकची वाफ. हे सगळं उपाशीपोटी, कारण खाल्ल्यावर केलं तर कफाबरोबर नाश्ताही वर येतो. तर बेल वाजतच राहिली, घरातलं कोणी उठेना (घरातले माझ्या खोकल्याने उठत नाहीत, बेलने काय उठणार), म्हणून मी तशीच, हातातला कप सरळ धरून, नळी ताणत ताणत कशीबशी दारापर्यंत पोचले.

दारात खालच्या मजल्यावरचे काका.

आता मला ह्या दिवसाची केव्हापासून धास्ती होती. नेब्युलायझरचा घुरघुरणारा कंप्रेसर ठेवलाय तो नेमका त्यांच्या बेडरूमच्या डोक्यावर. त्यात माझा खोकला म्हणजे काय नाजूक प्रकरण नाही, बाईमाणसाने इतकं मोकळेपणाने खाकरू नये असं मला जवळच्या नात्यातल्या दोघीतिघींनी सुचवूनही झालंय. त्यामुळे माफी तयार होती. मशीनखाली जाड सतरंजी घालते, जागा बदलते, सगळं पाठ होतं. मी माउथपीस काढला, नाकातोंडातून वाफ निघत असतानाच "काका, सॉरी" म्हणाले.

काका म्हणाले, "काल वाजलं नाही."

"काय?"

"तुझं. सव्वासहाला घुर्रर्र सुरू होतं ना, ते काल झालं नाही. मी वाट बघून बघून परत झोपलो."

मग काकांनी उंबऱ्यावर उभं राहून मला त्यांचा दिनक्रम सांगितला, आणि त्यात मीच मी होते. घुर्रर्र झालं की ते उठतात. घुर्रर्र थांबून फडफड सुरू झाली की थायरॉइडची गोळी, कारण ती उपाशीपोटी घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचं नसतं. मग माझं ते "हाः, हाः" सुरू झालं की अंघोळीचं पाणी. आणि "तो शेवटचा मोठा, दम लागेपर्यंतचा" झाला की पेपर आणायला खाली जायचं. काल सगळंच बिनसलं. उठले नऊला, सुनेने समोर नाश्ता ठेवला तो खाल्ला, मग गोळी आठवली.

"काका, मोबाइलला अलार्म लावा ना."

"अलार्म बंद करून झोपता येतं गं. तुझं कुठे बंद करता येतं?"

ह्यावर काय बोलणार. म्हटलं काल पहाटेपासून लाइट नव्हती, ती आली साडेनऊला, तेव्हा केलं. तर म्हणतात, "लाइट नव्हती ते मला माहितीये, मी ह्याच बिल्डिंगमध्ये राहतो. पण ते फडफडणारं काय लाइटवर चालतं?"

नाही चालत. प्लास्टिकचा एक बुटका पाइप आहे, आत स्टीलची गोळी, फुंकलं की ती उडते-पडते आणि तो थरथराट पार फुप्फुसांपर्यंत जातो, चिकटून बसलेला कफ सुटतो. ना वायर ना बॅटरी. पण आधी खाऱ्या पाण्याने तो पातळ झालेला असला की बरा सुटतो, नुसतंच फुंकत बसलं तर माझे गाल दुखतात आणि कफ जागचा हलत नाही, म्हणून एक लांबलं की मागचं सगळं लांबतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं. म्हणजे सकाळी साडेसहाला केस विस्कटलेल्या अवस्थेत मी एका माणसाला माझ्या उपचाराचा क्रम समजावत होते, मागे मशीन चालू, हातातल्या कपातून महागडी वाफ जिन्यात जात होती, आणि काका मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे, क्रम म्हणजे क्रम." जसं काही मला रजा मंजूर केली.

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय.

"आणि एक सांगू का? दोनचार दिवस तुझा शेवटचा जड येतोय. ओला. आधी कसा सुटसुटीत यायचा. रंग बघतेस ना?"

आता इथे मला खरंच राग आला. एक म्हणजे माझ्या बेडक्याचा रंग हा मी, डॉक्टर आणि लॅबवाले यांच्यातला खाजगी विषय आहे. दुसरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. परवापासून पिवळ्याचा हिरवट व्हायला लागलाय आणि तपासणीला नमुना द्यायची डबी बेसिनजवळ येऊन पडलीये, हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं.

लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला १८१६ मध्ये एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. १८१९ मध्ये त्याच माणसाने माझ्या आजाराचं, ब्राँकायएक्टेसिसचं, पहिलं नीट वर्णन लिहिलं. काकांना गुंडाळीसुद्धा लागत नाही, मधे अख्खा स्लॅब असताना ऐकू येतं.

आजाराचं नाव मी शक्यतो सांगतच नाही. सांगितलं की समोरचा आधी "ब्राँकायटिस?" म्हणतो, मग "माझ्या मेव्हण्यालाही होता, बरा झाला" म्हणतो. ह्याच्यात श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, आतले सूक्ष्म केस, जे तुमचा कफ चोवीस तास वर ढकलत असतात आणि तुम्ही तो नकळत गिळत असता, ते कामातून जातात, कफ साचतो, त्यात जंतू पडतात, जंतूंनी नळ्या अजून खराब, की अजून कफ. रुंदावलेली नळी पुन्हा आक्रसत नाही. मग केसांचं काम कोणी करायचं? मी. सकाळ-संध्याकाळ. वर प्रत्येक वेळी कप, माउथपीस सगळं सुटं करून साबणाच्या पाण्यात धुवायचं, उकळायचं, हवेवर सुकवायचं, कारण ओलसर राहिलं तर त्याच वाफेतून नवे जंतू आत. घरी आलेल्या पाहुण्यांना ओट्यावर पसरलेले ते भाग बघून वाटतं आम्ही मिक्सर उघडून बसलोय.

आणि मग लोक विचारतात, "अजून करतेस? फरक नाही पडला?" अहो, फरक पडू नये म्हणूनच करतेय! सगळं नीट केलं तर महिन्याअखेर मला काय मिळतं, तर काही नाही. ताप नाही, ॲडमिट नाही. त्या काही नाहीचं कौतुक कोण करणार? वजन उतरवलं की लोक विचारतात डाएट कुठलं, मी रोज वाटीभर कफ उतरवते तर म्हणतात जेवताना नको गं तो विषय. एका मैत्रिणीने तर "तू जरा पॉझिटिव्ह विचार कर" म्हणून सांगितलं. केला. कफ तेवढाच निघाला. चारचौघांत खोकला आला तर २०२० पासून माणसं अशी सरकतात की बसमध्ये मला कायम ऐसपैस जागा, हा एक फायदा सोडला तर ह्या आजाराने मला काहीही दिलेलं नाही. आणि इतक्या वर्षांत मी एक वेळ चुकवली तर ज्याला कळलं तो माणूस कोण, तर ज्याची थायरॉइडची गोळी चुकली तो.

काका तोवर जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून परत वर आले होते.

"आणि गावाला वगैरे जाणार असशील तर दोन दिवस आधी सांगत जा. नंबर दे तुझा."

दिला. काय करणार, हात अवघडून कप थरथरायला लागला होता आणि मला आत जायचं होतं. आत येऊन बघते तर औषध संपलेलं, कप कोरडा, निम्मं जिन्यात गेलेलं. नवीन फोडावं की नको ह्यात पाच मिनिटं गेली. फोडलं. तेवढ्यात नवरा उठून आला, डोळे चोळत म्हणाला, "आज लांबलं का गं तुझं? ऑफिसला उशीर होईल हं." मी माउथपीस तोंडात असल्याने काही बोलले नाही, हे त्याचं नशीब.

दुपारी वेळ काढून डबी लॅबमध्ये देऊन आले. बाहेर पडतेय तर काकांचा मेसेज. सुरुवातीला उगवत्या सूर्याचा फोटो, दुपारी अडीच वाजता. खाली लिहिलेलं: "शुक्रवारी फास्टिंग शुगर आहे. लॅबमध्ये फार गर्दी होते. त्या दिवशी पावणेसहाला करशील का? तुझं रिपोर्टचं काय?"

पहिल्या प्रश्नावर मी तिथेच रस्त्यात उभं राहून बरंच काही टाइप केलं. मी काय म्युनिसिपालटीचा भोंगा आहे का, इथपासून सुरुवात होती. मग सगळं खोडलं आणि लिहिलं, "सोमवारी येईल रिपोर्ट. शुक्रवारचं बघते."

लगेच अंगठा आला. "बघते" म्हणजे हो असं धरलंय त्यांनी.